न विस्कटलेलं अंथरूण



आजची गोष्ट एका अंथरुणापासून सुरू करतो. हॉलिवूडमधलं एक हॉटेल आहे. नवरा रात्री एका फिल्मी समारंभाला गेला आहे. बरोबर बायको नाही, देखण्या नवख्या नट्या आहेत, कारण चित्रपट कंपनीच्या प्रसिद्धी खात्याला तसे फोटो हवे आहेत. बायको सोफ्यावर त्याची वाट बघत बसते आणि तिथेच तिला झोप लागते. नवरा उशिरा येतो, आत जाऊन झोपतो आणि सकाळी लवकर उठून बाहेर पडतो. मग हॉटेलची मोलकरीण येते आणि पलंग आवरून ठेवते. त्यानंतर बायकोला जाग येते. ती आत डोकावते, तर अंथरूण जसंच्या तसं. चादरीला एक सुरकुती नाही.

आता त्या बाईने काय समजायचं?

तिने जे समजायचं तेच समजलं, आणि त्यावर अमेरिका पोट धरून हसली. तारीख होती १४ फेब्रुवारी १९५५. मालिकेचं नाव 'आय लव्ह लूसी', भागाचं नाव 'डॉन जुआन अँड द स्टारलेट्स'. शेवटी मोलकरणीमुळे उलगडा होतो. नवरा निर्दोष, बायको संशयी, गोड शेवट. अर्ध्या तासात सगळं मिटतं.

गेले काही भाग आपण दूरचित्रवाणीच्या सुरुवातीच्या काळाबद्दल बोलतोय. यंत्रं, वाहिन्या, जाहिरातदार हे सगळं झालं. आज त्या पेटीतून घराघरात शिरलेल्या एका संसाराबद्दल बोलू. खरं तर दोन संसारांबद्दल, कारण या मालिकेत पडद्यावरचे नवरा-बायको हे पडद्यामागेही नवरा-बायकोच होते. आणि त्या दोन्ही संसारांत एकच प्रश्न उभा होता: हा रात्री नक्की कुठे असतो?

आधी थोडी ओळख. मालिका सुरू झाली १५ ऑक्टोबर १९५१ रोजी, सीबीएस वाहिनीवर. रिकी रिकार्डो हा क्यूबाहून आलेला गायक आणि बँडमास्तर. न्यूयॉर्कमधल्या ट्रॉपिकाना नावाच्या नाइटक्लबात त्याचा बँड रोज रात्री वाजतो. त्याची बायको लूसी घरी. वरकरणी गृहिणी, पण डोक्यात एकच वेड, आपणही स्टेजवर जायचं. घरमालक फ्रेड आणि एथेल मर्ट्झ हे शेजारी, मित्र आणि कटातले भागीदार. एवढ्या भांडवलावर १९५७ पर्यंत १८० भाग झाले.

लूसीचं काम लुसिल बॉलने केलं, रिकीचं देसी आर्नाझने. (आपल्याकडच्या 'देसी'शी या नावाचा काही संबंध नाही. देसिदेरिओ या स्पॅनिश नावाचं ते लाडकं रूप आहे. पण दरवेळी ते नाव उच्चारताना मला गंमत वाटते खरी.)

या दोघांचं लग्न झालं ३० नोव्हेंबर १९४० रोजी. त्याच वर्षी एका सिनेमाच्या सेटवर ओळख झाली होती. ती २९ वर्षांची, तो २३ वर्षांचा. ती सिनेमातली नटी, दिवसा स्टुडिओत. तो बँडवाला, रात्री क्लबात, आणि उरलेले महिने गावोगावच्या दौऱ्यावर. कलावंताच्या घरात घड्याळं दोन असतात. एक उठतो तेव्हा दुसरा निजायला आलेला. त्यात देसी देखणा, दिलदार, पिणारा आणि बायकांच्या गराड्यात राहणारा. १९४४ साली लुसिलने घटस्फोटाचा अर्ज केला. न्यायालयाने प्राथमिक हुकूमही दिला. पण तेवढ्यात दोघांचा समेट झाला आणि हुकूम अंतिम झालाच नाही.

पुढचा भाग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९४८ पासून लुसिल रेडिओवर 'माय फेव्हरेट हजबंड' नावाचा विनोदी कार्यक्रम करत होती. तो चांगला चालला. सीबीएसने म्हटलं, हाच आता टीव्हीवर करू. लुसिलने अट घातली, नवऱ्याचं काम माझा खरा नवरा करेल. वाहिनी बिचकली. तांबड्या केसांची अमेरिकन मुलगी आणि मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा क्यूबन, हे जोडपं लोकांना पटेल का? तेव्हा या दोघांनी १९५० मध्ये एक कार्यक्रम बसवला आणि तो घेऊन दौरा काढला. लोकांनी तो डोक्यावर घेतला. वाहिनीची शंका मिटली.

लुसिल या अटीवर अडून का बसली, हे तिने पुढे स्वतःच सांगितलं आहे. नवरा घरी राहावा म्हणून. दौरे बंद व्हावेत, रात्रीचे क्लब सुटावेत, दोघांनी एकाच ठिकाणी, एकाच वेळेला काम करावं. म्हणजे बघा, जगातल्या सर्वांत गाजलेल्या विनोदी मालिकांपैकी एक मुळात एका बायकोने नवरा डोळ्यांसमोर राहावा म्हणून उभी केली. पहिला नमुना भाग चित्रित झाला तो दिवस २ मार्च १९५१, देसीचा ३४ वा वाढदिवस. लुसिल तेव्हा गरोदर होती. ही तारीख लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

आता मालिकेत शिरू. मत्सराचे भाग एकामागून एक आहेत.

१७ डिसेंबर १९५१ चा भाग घ्या. वर्तमानपत्रातल्या गावगप्पांच्या सदरात लूसीला एक ओळ सापडते. रिकीचं त्याच्या कार्यक्रमातल्या एका नर्तकीशी काहीतरी चाललंय म्हणे. खरं तर ही बातमी प्रसिद्धीसाठी मुद्दाम पेरलेली असते. रिकी हसण्यावारी नेतो. लूसीच्या डोक्यातून ते जात नाही. मग ती काय करते? भांडत नाही, माहेरी जात नाही. ती क्लबातल्या नाचणाऱ्या मुलींच्या ताफ्यात घुसते आणि रिकीच्या कार्यक्रमात थेट स्टेजवर जाते.

१९५२ च्या वसंतातल्या एका भागात क्यूबाहून रिकीचे जुने मित्र येतात. त्यांच्यासोबत जिच्याबरोबर रिकी पूर्वी नाचायचा ती छोटी मुलगी येणार असते. रिकीच्या आठवणीत ती चिमुरडी. येते ती भरज्वानीतली नर्तकी. लूसी सफाईवालीच्या वेशात पाळत ठेवते आणि शेवटी तिच्या जागी स्वतःच नाचायला उभी राहते.

इथे थांबून एक गोष्ट बघण्यासारखी आहे. लूसीला संशय आला की ती दरवेळी जाते कुठे? स्टेजवर. सवतीला हाकलण्याचा तिचा मार्ग म्हणजे सवतीची जागा घेणं. मग मला प्रश्न पडतो की तिची खरी सवत कोण? ती नाचणारी पोरगी, की तो झगमगाटातला मंच, ज्याच्याकडे नवरा रोज संध्याकाळी नटूनथटून जातो आणि तिला म्हणतो, तू घरी बस? माझ्या मते लूसीचा मत्सर निम्मा बाईबद्दल आणि निम्मा कामाबद्दल आहे. युद्धानंतरच्या त्या वर्षांत अमेरिकेत लाखो बायका कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून घरी परतल्या होत्या. त्यांना तो निम्मा भाग कुणी वेगळा समजावून सांगावा लागला नसणार.

पडद्यामागे नेमकं उलटं चित्र होतं. मोठी नटी ती, लोकांना हवी होती ती. तो मात्र अनेकांच्या लेखी 'लुसिलचा नवरा'. मालिकेचं नाव ठरवताना म्हणूनच ती युक्ती झाली. 'आय लव्ह लूसी' या नावातला 'मी' म्हणजे रिकी, म्हणजे देसी. तिच्या नावाच्या आधी तो आला, एका सर्वनामाच्या रूपात का होईना. आणि हे नुसतं मानापमानाचं नाटक नव्हतं. देसी पक्का धंदेवाईक निघाला. त्या काळी बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रसारित होत. देसीने आग्रह धरला की आम्ही हॉलिवूडमध्येच राहू, प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी चित्रण करू आणि तेही फिल्मवर. कॅमेऱ्यामागे त्याने कार्ल फ्रॉइंडला आणलं, ज्याने जर्मनीत 'मेट्रोपोलिस'चं छायाचित्रण केलं होतं. खर्च वाढला म्हणून दोघांनी मानधन कमी करून घेतलं, आणि त्या बदल्यात फिल्मची मालकी मागून घेतली. पुनःप्रक्षेपणाचा सगळा व्यापार त्यातून उभा राहिला. असो, हा स्वतंत्र भागाचा विषय आहे.

आणखी एक भाग सांगतो, १९५४ चा. एका सिने-मासिकाची बातमीदार रिकार्डोंच्या घरी येते. तिला आदर्श जोडपं बघायचंय. दोघं तिच्यासमोर गोडगोड वागण्याचं नाटक करतात. आणि त्याच भागात लूसीच्या हाती एक चिठ्ठी लागते. एका परक्या बाईला रिकीच्या नावाने क्लबात येण्याचं आमंत्रण. लूसी पत्ता शोधत त्या बाईच्या चाळवजा घरी जाऊन थडकते. प्रकरण निघतं काय, तर रिकीच्या एजंटने प्रसिद्धीसाठी काढलेली शक्कल.

वर्तमानपत्रातली ओळ, आमंत्रणाची चिठ्ठी, न विस्कटलेलं अंथरूण. मराठी माणसाला हे ऐकताना काहीतरी ओळखीचं वाटायला हवं. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संशयकल्लोळ'मध्ये तसबीर आहे. कृत्तिकेच्या हाती परपुरुषाची तसबीर दिसते, फाल्गुनराव पेटतात. तिकडे फाल्गुनराव मूर्च्छित रेवतीला सावरताना दिसतात, कृत्तिका पेटते. रेवती गाणारी, म्हणजे इथेही कलावंत आहेच. १९१६ साली संगीत रूपात येण्याआधी हेच नाटक 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने गद्यात होतं. त्याचं मूळ आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकात, आणि त्याचंही मूळ मोलिएरच्या १६६० च्या फ्रेंच प्रहसनात. पॅरिसहून लंडन, लंडनहून महाराष्ट्र असा त्या तसबिरीचा प्रवास झाला. लूसीचे लेखक जेस ओपनहायमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरोल याच जुन्या खेळाचे वारस. वस्तू खरी, तिचा अर्थ खोटा.

पण एक फरक मला फार मोठा वाटतो. देवलांच्या नाटकात नवरा-बायको दोघंही संशयी आहेत. फाल्गुनराव तर जास्तच. वेडेपणाची वाटणी बरोबरीची आहे. लूसीच्या घरात रिकीलाही क्वचित मत्सर होतो, नाही असं नाही. पण हे काम प्रामुख्याने बायकोचं. संशय घ्यायचा तिने, तोंडघशी पडायचं तिने, माफी मागायची तिने.

आता परत त्या अंथरुणाकडे येऊ. नीट बघितलं तर लूसीचा तर्क कुठेही चुकलेला नाही. रात्रभर नवरा दिसला नाही, पलंगावर कुणी झोपल्याची खूण नाही, आणि तो गेला होता नट्यांबरोबर. एखाद्या पोलीस अधिकाऱ्यानेही हाच निष्कर्ष काढला असता. तिला खोटं पाडायचं तर लेखकांना मधे मोलकरीण आणावी लागते. म्हणजे लूसी मूर्ख नाही. जग तिच्याविरुद्ध रचलेलं आहे, आणि ते दर सोमवारी नव्याने रचलं जातं. या मालिकेचा एक अलिखित नियम होता की बायकोचा संशय खोटा ठरायलाच हवा.

अलिखित म्हटलं, पण अर्धा नियम लिहिलेलाही होता. डिसेंबर १९५१ मध्ये अमेरिकेतल्या प्रसारकांच्या संघटनेने टीव्हीसाठी आचारसंहिता मंजूर केली आणि मार्च १९५२ पासून ती लागू झाली. विवाहाचं पावित्र्य आणि घराचं महत्त्व राखलं पाहिजे, घटस्फोट हा सहज घेण्यासारखा किंवा संसारातल्या अडचणींवरचा उपाय म्हणून दाखवू नये, असा तिचा आशय होता. प्रायोजक होती फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी. सिगारेट विकायला सुखी घरच लागतं. वातावरण किती सोवळं होतं याची एक गंमत सांगतो. १९५२ मध्ये लुसिल पुन्हा गरोदर राहिली तेव्हा ते कथेत घ्यायचं ठरलं, पण 'गरोदर' हा शब्द पडद्यावर उच्चारायला बंदी. संहिता तपासायला एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रोटेस्टंट धर्मगुरू आणि एक ज्यू रब्बी!

तो बाळंतपणाचा भाग लागला १९ जानेवारी १९५३ ला. त्याच दिवशी सकाळी लुसिलला शस्त्रक्रियेने खरोखर मुलगा झाला. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग बघितला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली, ती बघणारे सुमारे २ कोटी ९० लाख. एप्रिलमध्ये 'टीव्ही गाइड' या साप्ताहिकाचा पहिला देशव्यापी अंक आला, त्याच्या मुखपृष्ठावर हेच बाळ. त्यानंतर पडद्यावरचा संसार कुठे संपतो आणि खरा कुठे सुरू होतो, हे लोकांनी विचारणंच सोडून दिलं. तो संसार आता देशाच्या मालकीचा झाला होता.

आणि मग जानेवारी १९५५. 'कॉन्फिडेन्शियल' हे त्या काळचं कुप्रसिद्ध नियतकालिक, नटनट्यांची लफडी छापणारं. त्या महिन्यात त्याने देसीच्या परस्त्रियांबद्दल मजकूर छापला. शीर्षकच असं होतं की देसीचं लूसीवर खरंच प्रेम आहे का? मालिकेचंच नाव उलटं करून विचारलेलं. १९५१ च्या त्या भागात लूसीला पेपरात सापडते तीच ही ओळ, फक्त ही कुणी प्रसिद्धीसाठी पेरलेली नव्हती. देसी बायकोशी एकनिष्ठ नव्हता हे आज सगळे चरित्रकार सांगतात.

तो अंक जानेवारीचा. आपला अंथरुणाचा भाग फेब्रुवारीचा. त्या आठवड्यांत कोट्यवधी घरांत लोकांनी बघितलं की नवरा नट्यांबरोबर फिरला तरी काही काळजी नाही, बायकोच वेडी. आणि हे सांगत होती ती स्वतः लुसिल, तिच्या त्या विस्फारलेल्या डोळ्यांनी. ती हे काम इतकं अचूक कसं करायची, याचं उत्तर मी देणार नाही. पण तो भाग मी आता पूर्वीसारखा बघू शकत नाही.

आणि याला कारण एकटी लुसिल नाही. इथे थोडं घरचं सांगतो.

माझं बालपण इंदुरातलं. माझी एक मावशी आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायची. काका फिल्मी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. लग्नं, गणपती, नवरात्र, कॉलेजांचे कार्यक्रम. आज उज्जैन, उद्या खंडवा, परवा बुऱ्हाणपूर. काका गोरेपान, हसरे, आम्हा मुलांना लिमलेटच्या गोळ्या आणणारे. आणि मावशी संशयी. म्हणजे घरात तिचं नावच 'कृत्तिका' पडलं होतं. ती त्यांच्या शर्टाचा वास घ्यायची. खिशातली बसची तिकिटं काढून त्यांवरची गावं वाचायची. एकदा काका म्हणाले खंडव्याला होतो, आणि खिशात निघालं देवासचं तिकीट. खंडवा कुठे आणि देवास कुठे. मावशीने विचारलं तर काका म्हणाले, अगं, तबलेवाल्याचा शर्ट असेल, घाईत बदलला गेला. सगळे हसले. आजी म्हणाली, आली बघा कृत्तिका.

एका दिवाळीत, मी तेव्हा सातवीत असेन, मी सगळ्यांसमोर मावशीची नक्कल केली. शर्ट हुंगायचा, नाक मुरडायचं, तिकीट उजेडात धरून एक डोळा मिटून वाचायचं. घर खदखदून हसलं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. मावशीही हसली. त्या नकलेला पुढची दोन-तीन वर्षं मागणी होती.

काकांचं देवासला दुसरं बिऱ्हाड होतं. आम्हाला कळलं तोवर मी नोकरीला लागलो होतो. तबलेवाला वगैरे काही नव्हतं. तिकीट खरं होतं आणि त्याचा मावशीने लावलेला अर्थही खरा होता. तिला खोटं ठरवणारी मोलकरीण बाहेरून आली नव्हती, ते काम आम्ही घरच्यांनीच केलं होतं.

असो. अमेरिकेत परत जाऊ.

१९५७ मध्ये मालिका थांबली. पुढची तीन वर्षं एकेक तासाचे मोठे भाग झाले, एकूण १३. 'आय लव्ह लूसी'ची सोमवारची रात्री नऊची वेळ मिळाली 'द डॅनी थॉमस शो'ला. त्यातही नायक नाइटक्लबातला कलावंतच. ही मालिका आधी दुसऱ्या वाहिनीवर वेगळ्या नावाने चालू होती, आणि १९५६ मध्ये नायकाच्या बायकोचं काम करणारी जीन हेगन ती सोडून गेली. आता बायको कथेतून काढायची कशी? लेखकांनी तिला पडद्याआड मारून टाकलं, आणि डॅनीचं दुसरं लग्न लावून दिलं. विनोदी मालिकेत बायको मेलेली चालत होती, सोडून गेलेली चालत नव्हती.

लुसिलला ना मरता येत होतं, ना सोडून जाता येत होतं. देसीलू ही दोघांची कंपनी आता अवाढव्य झाली होती. १९५७ मध्ये त्यांनी आरकेओचा स्टुडिओ विकत घेतला, जिथे दोघांची पहिली भेट झाली होती तोच. शेकडो लोकांची पोटं त्या एका संसारावर होती. देसीचं पिणं वाढलं होतं. सेटवर दोघं फारसं बोलत नव्हती.

आता ती तारीख. २ मार्च १९६०, देसीचा ४३ वा वाढदिवस. शेवटच्या भागाचं चित्रीकरण. रिकीला कुणी काम देत नाहीये, म्हणून लूसी विनोदी नट एर्नी कोवाक्सच्या गाडीची ड्रायव्हर बनून त्याच्याकडे वशिला लावायला बघते. पुरुषी वेश, ओठांवर मिशी. या भागात मत्सर नाही, सवत नाही. शेवटी प्रथेप्रमाणे रिकी तिला जवळ घेतो आणि दोघं एकमेकांचं चुंबन घेतात. सेटवरच्या लोकांना माहीत होतं काय होणार आहे. बऱ्याच जणांच्या डोळ्यांत पाणी होतं असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, तिने घटस्फोटाचा अर्ज दाखल केला. मे महिन्यात तो मंजूर झाला. तो शेवटचा भाग मात्र लागला १ एप्रिलला. बातमी सगळ्या पेपरांत येऊन गेली होती, आणि लोक घरी बसून त्या दोघांना एकमेकांना माफ करताना बघत होते.

१९६२ मध्ये लुसिलने देसीचा हिस्सा विकत घेतला आणि देसीलूची सूत्रं तिच्या एकटीच्या हाती आली. 'स्टार ट्रेक' आणि 'मिशन इम्पॉसिबल' या मालिका तिच्याच कारकिर्दीत तिथून निघाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'द लूसी शो' ही तिची नवी मालिका आली. आधार होता आयरीन कॅम्पेनच्या एका पुस्तकाचा, आणि त्यात एकाच घरात राहणाऱ्या दोन घटस्फोटित बायकांची हकीकत होती. मालिकेत काय झालं? मैत्रिणीचं काम करणाऱ्या व्हिव्हियन व्हान्सला, म्हणजे आपल्या जुन्या एथेललाच, घटस्फोटित ठेवलं. अमेरिकी टीव्हीवरच्या नियमित पात्रांमधली ती पहिली घटस्फोटिता मानतात. पण लूसीला विधवा केलं. खऱ्या आयुष्यात बाई घटस्फोट घेऊन, दुसरं लग्न करून, अख्खा स्टुडिओ चालवत होती. पडद्यावर मात्र तिचा नवरा वारलेला. लोकांच्या मनातल्या रिकीला सोडून आलेली लूसी कुणाला बघवली नसती.

आमच्या घरी विधवा वगैरे करायची सोय नव्हती, कारण काका देवासला धडधाकट होते. मावशी शेवटपर्यंत इंदुरातच राहिली. मंगळसूत्र होतं, कुंकू होतं. हळदीकुंकवाला एखादी नवी शेजारीण विचारायची, यजमान दिसत नाहीत ते? तेव्हा आजी पुढे होऊन सांगायची, दौऱ्यावर असतात. मावशी वाण पुढे करायची. हे अकरा वर्षं चाललं. आजी गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला तोच प्रश्न आला तेव्हा मी तिथे होतो. मावशीने मान वर केली नाही, तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, देवासला.